पापं पदरी घेतली तेव्हा: सोलापूरकर ख्रिस्ती बंधुभगिनींचे अनुभव

सर्वांना सलाम. लेंट, म्हणजे ईस्टरआधीचा उपवासकाळ, चालू आहे. घरच्या प्रार्थनेत बायबलमधलं स्तोत्र ५१ वाचत होतो. दावीद राजाने उरीयाच्या बायकोशी, बथशेबाशी व्यभिचार केला आणि उरीयाला लढाईत मारवलं; नाथान संदेष्टा तोंडावर बोलेपर्यंत त्याने हे सगळं प्रकरण दाबून ठेवलं होतं. शुद्ध हृदय त्याने मागितलं ते त्यानंतर. वाचता वाचता मला माझंच दिसायला लागलं. म्हणून आधी मी लिहितो, मग तुम्ही लिहा. दुसऱ्याचं पाप नको, आपलंच.

वडिलांच्या मागे घराची वाटणी झाली, तेव्हापासून थोरल्या भावाशी नऊ वर्षं बोलणं बंद. या नऊ वर्षांत चर्चमधलं एकही प्रभुभोजन, म्हणजे भाकर आणि द्राक्षरसाचा विधी, मी चुकवलं नाही. पापांगीकार, म्हणजे पापं कबूल करायची प्रार्थना, सगळ्यांबरोबर मोठ्याने म्हणायचो. त्यात 'आम्ही' असतं, त्यामुळे 'मी' सहज लपतो. मत्तय ५ मध्ये प्रभू सांगतो की अर्पण वेदीपाशीच ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर. त्या रविवारी प्याला पुढे आला आणि माझा हात उचलेना. उपासनेतून उठलो तो थेट होटगी रोडला दादाच्या दारात. वहिनींनी दार उघडलं. दादाने आतून विचारलं, "कोण आहे?" मला नाव सांगता येईना. "दादा, कागदावर सही घेताना मी तुला खोटं सांगितलं होतं," एवढंच बोललो. नऊ वर्षं मी त्याच्यावर राग धरला, आणि खोटं माझं होतं. दादाने चहा दिला. बोलला काहीच नाही.

विडी घरकुलातून:
भाऊ, तुमचं वाचून धीर आला. मी विड्या वळते. पानं कमी पडली की शेजारच्या काकूंच्या सुपातली मूठभर उचलायची. त्यांचा हजाराचा हिशोब जुळायचा नाही. "डोळे गेले गं माझे, मोजता येईना," म्हणायच्या. मी रोज देवाची क्षमा मागायची, काकूंची कधीच नाही. गेल्या वर्षी उत्तम शुक्रवारच्या आदल्या रात्री त्यांच्याकडे जाऊन सगळं सांगितलं. त्या रडल्याच. म्हणाल्या, "म्हंजे माझे डोळे बरे हायेत!" त्या एका वाक्यानं मला कळलं, मी पानं नव्हती चोरली, त्यांचा स्वतःवरचा भरवसा चोरला होता.

सात रस्त्याजवळून:
माझं वेगळं आहे. मोबाईलवर नको ते बघायची सवय होती. एकच पाप रोज रात्री कबूल करायचो, तरी मन स्वच्छ वाटायचं नाही. पाळकसाहेबांनी (आमच्या चर्चच्या धर्मगुरूंनी) बायबलमधलं १ योहान १:९ उघडायला लावलं, आपण पापं कबूल केली तर देव क्षमा करतो असं ते वचन, आणि विचारलं, "क्षमा होते ती कशामुळे? तो विश्वसनीय आणि न्यायी आहे म्हणून, की तुला हलकं वाटलं म्हणून?" माझ्या रडण्यानं पाप धुतलं जात नाही, ख्रिस्ताच्या रक्तानं धुतलं जातं, हे लहानपणापासून पाठ होतं. त्या दिवशी पहिल्यांदा विश्वास ठेवला. आता दर शनिवारी मंडळीतल्या (चर्चमधल्या) एका ज्येष्ठ पुढाऱ्यांना फोन करून आठवडा कसा गेला ते खरं सांगतो. मोह गेलेला नाही. लपवणं गेलं.

मुरारजी पेठेतून:
माझी पणजी केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये, निराधार बायका-मुलींच्या आश्रमात, वाढली. १९०५ साली तिथे संजीवन (विश्वासाची मोठी जागृती) झालं तेव्हा मुली रडत रडत आपापली पापं कबूल करत होत्या, असं आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. पुण्याला जाताना केडगाव स्टेशन आलं की आई अजून डोळे मिटून प्रार्थना करते.

जुळे सोलापूरहून:
आपल्याकडे पाणी काही दिवसांआड येतं, त्यामुळे टाकी भरून ठेवायची सवय. वरून पाणी नितळ दिसतं, तळाचा गाळ तळाशीच. सासूबाईंबद्दल माझ्या मनाचं तसंच होतं. अजून सगळं उपसून झालेलं नाही, माझ्यासाठी प्रार्थना करा.

ताई, नक्की करतो. आणि पाण्यावरून आठवलं, काल रात्री दादाचा फोन आला होता. "तुमच्याकडे पाणी आलं का रे?" एवढंच विचारलं त्याने.