जुनी पोलादी रोड सायकल पुन्हा बांधताना भाग बदलावेत, पण फ्रेम बदलू नये

पोलादप्रेमी

साधारण 1960 ते 1985 या काळातली, लग (नळ्यांच्या सांध्यावरचे पोलादी कवच) वापरून ब्रेझिंगने (भरणधातू वितळवून) जोडलेली पोलादी रोड सायकल पुन्हा चालती करायची म्हटले, की दोन टोकांची मते ऐकू येतात. एका पक्षाला प्रत्येक बोल्ट त्या काळचाच हवा असतो, तर दुसऱ्याला फ्रेम तेवढी जुनी ठेवून बाकी सारे आजचे हवे असते. माझे मत या दोन्हींहून निराळे आहे. सुटा भाग कोणताही बदलावा, मात्र तो बसावा म्हणून फ्रेम वाकवणे, फोर्कचे (पुढचे चाक धरणाऱ्या चिमट्याचे) भोक मोठे करणे किंवा नवे आटे पाडणे टाळावे. कोलंबस एसएलसारख्या इटालियन फ्रेमनळीची भिंत मधल्या भागात अवघी 0.6 मिमी जाड असते, आणि तशी फ्रेम एकदा बिघडली की पुन्हा मिळत नाही.

म्हणून खरेदीच्या आधी मोजमाप. सर्वांत जास्त फसगत बॉटम ब्रॅकेटपाशी, म्हणजे पेडलचे दांडे ज्यावर फिरतात त्या बेअरिंगपाशी, होते. इंग्रजी मापाचे आटे 1.37 इंच व्यासाचे आणि इंचाला 24 असतात, आणि उजव्या बाजूला ते उलटे असतात. इटालियन माप 36 मिमी, दोन्हीकडे सुलटे, त्यामुळे उजवा कप (बेअरिंग धरणारी आटेदार वाटी) पेडल मारता मारता सैल होण्याकडे झुकतो आणि तो फार घट्ट बसवावा लागतो. फ्रेंच माप 35 मिमी आणि पिच (लगतच्या दोन आट्यांमधले अंतर) 1 मिमी. इंग्रजी माप मिलिमीटरमध्ये 34.8 भरते आणि त्याची पिच 1.06 मिमीच्या आसपास येते, म्हणजे दोहोंत इतका थोडा फरक आहे की फ्रेंच फ्रेमच्या डाव्या बाजूला इंग्रजी कप दोनतीन फेरे सहज जातो, मग अडतो, आणि तिथे जोर लावला की फ्रेमचे आटे कायमचे जातात. रॅले या इंग्रजी कंपनीच्या कारखान्यातल्या अनेक जुन्या सायकलींत तर इंचाला 26 आटे आढळतात. सायकल कोणत्या देशातली आहे एवढ्यावर विसंबू नये, पिच मोजण्याची पट्टी लावूनच ठरवावे.

दुसरी गोष्ट सुरक्षिततेची. पोलादाला थकव्याची, म्हणजे वारंवार पडणाऱ्या ताणाने कमजोर होण्याची, एक मर्यादा असते. ताण तिच्या खाली राहिला, तर ते कितीही फेरे सोसते. अ‍ॅल्युमिनियमला अशी मर्यादा नाही, त्यामुळे प्रत्येक हिसक्याचा हिशेब त्यात साठत जातो. म्हणून जुने अ‍ॅल्युमिनियमचे हँडल आणि स्टेम (हँडलला फोर्कशी जोडणारा भाग), त्यांच्यावर एकही ओरखडा दिसत नसला तरी, मी बदलावेत असे म्हणतो. केबल, ब्रेक शू आणि टायर तर निर्विवाद नवे. क्रोम केलेल्या पोलादी रिम ओल्या झाल्या की ब्रेक जवळजवळ धरतच नाही, तेव्हा त्या जागी अ‍ॅल्युमिनियमच्या रिम घालणे ही या सगळ्या कामातली सर्वांत मोठी सुधारणा ठरते.

मूळरूप

मांडणी काळजीपूर्वक केलेली आहे, परंतु तिचा शेवट कुठे होतो ते पाहावे. हँडल नवे, स्टेम नवा, रिम नवी, उद्या क्रँकही (पेडलचा दांडा आणि पुढची दातेरी चक्रे धरणारा भाग) नवी. त्या सायकलीचे भाग एकमेकांसाठी घडवले गेले होते. डाउन ट्यूबवरच्या (फ्रेमच्या खालच्या तिरप्या नळीवरच्या) शिफ्टरपासून मागच्या डिरेलरपर्यंतची (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या यंत्रणेपर्यंतची) केबल छोटी आणि जवळजवळ सरळ असते, म्हणून ठोके (प्रत्येक गिअरसाठी ठरलेले थांबे) नसलेल्या घर्षणाच्या शिफ्टरनेही गिअर अचूक बदलता येतो. इटालियन कंपनी कॅम्पान्योलोचा 1967 चा नुओवो रेकॉर्ड डिरेलर आणि त्याच काळातले हब (चाकांचे मधले भाग) हे आजच्या भागांपेक्षा एका बाबतीत निश्चित श्रेष्ठ आहेत, ती म्हणजे ते पूर्ण उघडता येतात. कप आणि कोनचे (वाटी आणि शंकू यांमध्ये छर्रे फिरणारे) हब खोलावे, जुने ग्रीस पुसावे, नवे छर्रे घालावेत, कोनवर खड्डे पडले असतील तर फक्त कोन बदलावा, की ते पुन्हा अनेक वर्षे चालतात. आजचे सीलबंद बॉटम ब्रॅकेट मात्र झिजले की सबंधच फेकून द्यावे लागते. जुने म्हणजे धोकादायक हे सूत्र मला मान्य नाही. क्रँक काढून, स्वच्छ करून, भेग दाखवणारा रंग लावून तपासावी, आणि निर्दोष असेल तर वापरावी.

इटलीतल्या गायोले इन कियांती येथे 1997 पासून होणाऱ्या लेरोइका या सायकल सोहळ्यात 1987 च्या आधीच्या सायकलींनाच मूळ प्रवेश आहे. शिफ्टर डाउन ट्यूबवर आणि ब्रेकच्या केबल हँडलच्या वरून मोकळ्या गेलेल्या असाव्यात, अशा त्याच्या अटी आहेत. तिथले रस्ते कच्चे आणि चढांचे आहेत, तरी त्या सायकली ते पार करतात. त्या काळच्या भागांवर रोजची सायकल चालू शकते याला याहून वेगळा पुरावा नको.

नवीदंतचक्रे

आपण दोघेही पोलादाच्या मुख्य गुणाकडेच दुर्लक्ष करत आहात. पोलाद वाकवता येते, आणि वाकवून नव्या जागी स्थिर करता येते. मागचे चाक बसते त्या फ्रेमच्या दोन टोकांमधले अंतर पाच गिअरच्या काळात 120 मिमी होते, सहा आणि सात गिअरच्या काळात 126, आणि आठ ते अकरा गिअरच्या रिम ब्रेक सायकलींत 130. म्हणजे 126 च्या फ्रेमवर आजचे चाक बसवायला प्रत्येक बाजू फक्त 2 मिमी बाहेर सरकवायची आहे. मागच्या दांड्याची लांबी 415 मिमीच्या आसपास धरली तर हा कोन पाव अंशाहून थोडाच अधिक भरतो. जाणकार कारागीर दोन्ही बाजू समान सरकवतो, मध्यरेषा दोरीने तपासतो, ड्रॉपआउट (चाकाचा अक्ष बसतो त्या खाचा) आणि डिरेलरचा कान (डिरेलर अडकवण्याची पट्टी) पुन्हा समांतर करतो, आणि फ्रेमला काहीही होत नाही. फ्रेम मुळात बांधतानाही ती अशीच वाकवून सरळ केली जाते.

बदल्यात मिळते काय? जुन्या फ्रीव्हीलच्या (चक्रांचा संच आट्यांनी चढवण्याच्या) हबमध्ये उजवे बेअरिंग आत राहते आणि अ‍ॅक्सलचा मोठा भाग निराधार असतो, म्हणूनच ते अ‍ॅक्सल वाकतात आणि तुटतात. फ्रीहबने (मोकळे फिरणारी यंत्रणा हबमध्येच असलेल्या नव्या रचनेने) बेअरिंग बाहेर नेले आणि हा दोष मुळातून गेला. ब्रेकच्या लीव्हरमध्येच शिफ्टर असले, की उतारावर एका हाताने हँडल धरून दुसरा हात खाली डाउन ट्यूबकडे न्यावा लागत नाही. जपानी कंपनी शिमानोने ही सोय 1990 मध्ये आणली, आणि ती डाउन ट्यूबच्या शिफ्टरच्या जागी केबल थांबवणारे तुकडे लावून जुन्या फ्रेमवर कुठेही न कापता बसते. सुरक्षिततेचा मुद्दा धागाकर्त्यांनीच काढला आहे, तर तो इथपर्यंत न्यावा.

चढणवाला

माझ्या मते खरा प्रश्न गिअरच्या दात्यांचा आहे. नुओवो रेकॉर्डच्या क्रँकवर बोल्टवर्तुळ (चेनरिंग धरणाऱ्या बोल्टांचे वर्तुळ) 144 मिमीचे आहे, त्यावर 41 दात्यांपेक्षा लहान चेनरिंग (पुढचे दातेरी चक्र) बसतच नाही, आणि बहुतेकांवर 42 असते. मागे 26 दाते धरले तर पेडलच्या एका फेऱ्यात सायकल 3.4 मीटर पुढे जाते. शर्यतीत उतरणाऱ्या तरुणांना ते ठीक होते. 110 मिमी बोल्टवर्तुळाची क्रँक, पुढे 34 आणि मागे 28 अशी रचना केली तर हेच अंतर 2.55 मीटरवर येते. गुडघे सांभाळायचे असतील तर मूळरूप यांचा आग्रह मला परवडणारा नाही. चौकोनी स्पिंडलची (बॉटम ब्रॅकेटमधल्या अक्षाची), चंदेरी रंगाची 110 ची क्रँक आजही नवी मिळते आणि जुन्या फ्रेमवर विजोड दिसत नाही. फक्त जपानी आणि इटालियन स्पिंडलची टोके सारख्याच उताराची पण वेगळ्या जाडीची असतात, हे लक्षात ठेवावे. इटालियन मापाची क्रँक जपानी स्पिंडलवर चढवली तर ती जवळजवळ साडेचार मिमी बाहेर राहते आणि चेनची रेषा बिघडते.

साधीचेन

एक छोटी भर घालतो. घर्षणाचा शिफ्टर ठेवला, तर मागे सहा, सात, आठ, अगदी नऊ चक्रेही चालतात, कारण ठोक्यांचे अंतर जुळवण्याचा प्रश्नच उरत नाही. शिमानोची ठोक्यांची प्रणाली 1984 च्या सुमारास आल्यावर शिफ्टर, डिरेलर आणि कॅसेट (मागच्या चक्रांचा संच) एकाच कुळातले असणे बंधनकारक झाले. त्या बंधनातून मोकळीक हा घर्षणाच्या शिफ्टरचा मोठा फायदा आहे आणि त्याचा या चर्चेत पुरेसा विचार झालेला नाही.

पोलादप्रेमी

मूळरूप, हबविषयी आपले म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. कप आणि कोनचे जुने हब मीही ठेवतो, आणि त्यांवरच नव्या रिम ओवतो. क्रँकबद्दल मात्र मतभेद राहील. त्या काळच्या क्रँकवर, पेडलचा दांडा आणि चेनरिंग धरणारे हात जिथे मिळतात त्या कोनात भेग सुरू होते, आणि नुओवो रेकॉर्डच्या बाबतीत हे तर सर्वश्रुत आहे. रंग लावून आज भेग दिसली नाही याचा अर्थ ती पुढच्या वर्षी पडणार नाही असा होत नाही. ही तपासणी एकदा करून थांबणाऱ्यांसाठी नवी क्रँक बरी, आणि चढणवाला यांनी दात्यांचे जे गणित दिले त्याने हे कारण आणखी भक्कम होते.

नवीदंतचक्रे, आपला पाव अंशाचा हिशेब बरोबर आहे आणि 126 वरून 130 हा बदल बहुतेक फ्रेम सहन करतात. 120 वरून 130 ची गोष्ट वेगळी आहे. तिथे प्रत्येक बाजू 5 मिमी सरकते आणि मागच्या दांड्यांमधल्या आडव्या पुलाच्या ब्रेझिंगवर ताण येतो. रेनॉल्ड्स या ब्रिटिश कंपनीच्या 753 सारख्या उष्णतेने कडक केलेल्या नळ्या तर थंड अवस्थेत वाकवू नयेत, हे कारागीर आवर्जून सांगतात. पण माझा मूळ आक्षेप नफ्यातोट्याचा आहे. फ्रेम रुंद करून आपल्याला चक्रांची संख्या वाढवून मिळते, पल्ला (सर्वांत हलक्या आणि सर्वांत जड गिअरमधले अंतर) नव्हे. पल्ला सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या चक्रावर ठरतो. 13 ते 28 ची सात चक्रे आणि 12 ते 28 ची दहा चक्रे यांत चढावरचा गिअर तोच आहे, मधल्या पायऱ्या तेवढ्या जवळ येतात. शर्यत करणाऱ्याला त्या पायऱ्या मोलाच्या आहेत हे मी मानतो, पण निवांत लांब पल्ल्याच्या सायकलीसाठी फ्रेम हलवण्याइतके ते मोल मोठे नाही.

ब्रेकचेही तसेच. 27 इंची चाकांच्या जागी 700सी (आजच्या रोड सायकलच्या मापाची चाके) घातली, की रिमचा व्यास 630 वरून 622 मिमी होतो आणि ब्रेक शू 4 मिमी खाली न्यावा लागतो. बहुतेक जुन्या ब्रेकना तेवढी जागा असते. नसली तर जास्त पोहोचीचे, बाहेरून नट लावायचे दुहेरी टेकणीचे (दोन खिळींवर फिरणारे) ब्रेक आजही बनतात. आत दडणाऱ्या नटासाठी फोर्कचे भोक मोठे करण्याची गरज उरत नाही.

नवीदंतचक्रे

पल्ल्याबद्दलचा युक्तिवाद मी स्वीकारतो. परंतु अ‍ॅक्सल तुटण्याच्या मुद्द्याला आपण उत्तर दिलेले नाही. सहा किंवा सात चक्रांचे फ्रीव्हील लावले की तो दोष परत येतो. 126 चे जुने फ्रीहब मिळाले तरी त्यांच्या आतल्या खिट्ट्या झिजलेल्या असतात, आणि तो भाग मूळरूप म्हणतात तसा सहज उघडून दुरुस्त होत नाही.

पोलादप्रेमी

त्यावर उपाय आहे. कप आणि कोनचा, 130 चा नवा हब घ्यावा, डाव्या बाजूच्या चकत्यांमधून 4 मिमी काढाव्यात, अ‍ॅक्सल त्या प्रमाणात आखूड करावा आणि रिम पुन्हा मध्यावर आणावी. वाटल्यास कॅसेटमागे योग्य चकती घालून सातच चक्रे लावावीत. बेअरिंग बाहेर राहते, अ‍ॅक्सल सुरक्षित राहतो आणि फ्रेमला कोणी हात लावत नाही.

नवीदंतचक्रे

आणि रिम उजवीकडे 2 मिमी सरकते. उजवे स्पोक अधिक उभे होतात, डावे अधिक सैल राहतात, आणि चाक कमकुवत होते. आपण फ्रेम वाचवण्यासाठी चाकाकडून किंमत वसूल करत आहात. मी किंमत फ्रेमकडून एकदाच घेतो आणि चाक जसे बनवले आहे तसे वापरतो.

पोलादप्रेमी

किंमत आहे, ती मी नाकारत नाही. म्हणून अशा चाकाला स्पोक 32 पेक्षा कमी नसावेत, शक्यतो 36 असावेत, आणि स्पोकची भोके मध्यापासून एका बाजूला सरकवलेली रिम मिळाली तर तीच घ्यावी, म्हणजे दोन्ही बाजूंच्या ताणातला फरक बराचसा भरून निघतो. चाक पुढे कमकुवत ठरले तर ते खोलून पुन्हा ओवता येईल.