मदत हवी आहे: विजया तेल कायद्यात बसून कसं मिळवायचं?

आत्याला केमोनंतर तळपायांची आग होते, रात्रभर डोळ्याला डोळा नाही. मॉर्फिनने दुखणं दबतं, पण पोट साफ होत नाही, त्यामुळे ती गोळी टाळते. कोणीतरी विजया, म्हणजे भांगेच्या पानांच्या अर्काचं तेल सुचवलं.

माझ्या माहितीप्रमाणे १९८५च्या एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्यात चरस आणि गांजा, म्हणजे झाडाचे शेंडे-फुलोरे येतात. नुसती पानं आणि बिया नाहीत. म्हणून आयुर्वेदिक परवान्यावर पानांची औषधं बनतात. बाटलीवर परवाना क्रमांक आणि ‘वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे’ अशी सूचना हवी. पण महाराष्ट्राच्या १९४९च्या दारूबंदी कायद्यात भांगही येते, तिथे घोडं अडलंय.

व्हिडिओ कॉलवर वैद्यांनी दिलेली चिठ्ठी इथे चालते का? पुण्याहून नागपूरला रेल्वेने नेताना बिल आणि चिठ्ठी पुरे का? आणि मुख्य म्हणजे, तिच्या कॅन्सरच्या डॉक्टरांशी बोलून मात्रा ठरवतील असे वैद्य पुण्यात कोणी आहेत का? ती रक्त पातळ करायची गोळीही घेते, म्हणून धास्ती वाटते.

‘खात्रीचा माल घरपोच’वाल्यांनी कृपया मेसेज करू नये.