‘सहप्रवासी’ की ‘वाटसरू’? नलारबोरच्या रस्त्यावरील सायकलस्वारांसाठी शब्द

विचारणा :

पर्थहून अॅडलेडपर्यंत कॅम्परने (राहण्या-झोपण्याची सोय असलेल्या मोटारीने) केलेल्या प्रवासाचे वर्णन लिहिताना मी एका वाक्यापाशी अडलो आहे. नलारबोरच्या माळावरून जाणाऱ्या आयर महामार्गावर आम्हांला सायकलीने ऑस्ट्रेलिया ओलांडणारे चार-पाच जण भेटले, म्हणून ‘वाटेत काही सायकलस्वार सहप्रवासी भेटले आणि आम्ही त्यांना पाणी दिले’ असे लिहिले. परंतु ‘सहप्रवासी’ हा शब्द घरातच कोणाला पटला नाही. तसेच, सायकलीच्या चाकांच्या दोन्ही बाजूंना अडकवलेल्या पिशव्यांना मराठीत काय म्हणावे?

प्रतिसाद :

घरच्यांचा आक्षेप रास्त आहे. ‘सहप्रवासी’ म्हणजे निदान काही काळ आपल्याबरोबर, आपल्याच गतीने जाणारा. याच महामार्गावरील बॅलाडोनिया ते कायगुना हे अंतर सुमारे १८२ किलोमीटर असून त्यातील १४६.६ किलोमीटर रस्त्याला एकही वळण नाही. कॅम्पर ते दोन तासांत कापते, तर सामानाने लादलेल्या सायकलीला दोन दिवस लागू शकतात. रस्ता एक असला तरी प्रवास एक नव्हे.

‘फिरस्ता’ही जमणार नाही, कारण फिरस्त्याला कोठे पोहोचायचे नसते, आणि हा मनुष्य तर पुढील रोडहाऊसपर्यंतचे (इंधन, जेवण व मुक्काम मिळणाऱ्या थांब्यापर्यंतचे) किलोमीटर मोजत असतो. ‘लांब पल्ल्याचा सायकलस्वार’ अचूक आहे खरा, पण त्याला एसटीच्या फलाटाचा वास येतो. मी ‘वाटसरू’ लिहीन. त्यात पायी चालण्याची जुनी छटा आहे, तथापि स्वतःच्या अंगबळावर वाट कापणे हा त्याचा गाभा सायकलीलाही लागू पडतो. त्याच्या दिवसभराच्या वाटचालीला ‘मजल’ म्हणावे. अरबी ‘मंझिल’वरून आलेला हा शब्द मराठीत एका दिवसात होणाऱ्या चालीसाठी रुळला. आर्थर रिचर्डसन हा सायकलस्वार १८९६ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियातील कूलगार्डीहून सायकलीने निघून ३१ दिवसांत अॅडलेडला पोहोचला, तो मजल दरमजल करीतच.

क्रियापदाकडेही लक्ष द्यावे. ‘भेटले’ चुकीचे नाही, पण ओसाड रस्त्यावरील अवचित भेटीला ‘गाठ पडली’ अधिक शोभते. ‘आम्ही त्यांना गाठले’ असे मात्र लिहू नये. त्यात पाठलाग येतो.

पिशव्यांसाठी ‘खुर्जी’ हा तयार शब्द आहे. घोड्याच्या पाठीवरून दोन्ही अंगांना लोंबणारी दुहेरी पिशवी ती खुर्जी. ‘पडशी’ माणसाच्या खांद्यावर असते, म्हणून ती येथे नको.

आणखी एक प्रतिसाद :

वरील मताशी मी सहमत आहे. केवळ दोन गोष्टी जोडतो. ‘विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर’ ही म्हण कॅम्परवाल्यांना सर्रास लावली जाते, पण ती खरी सायकलस्वाराची आहे. कॅम्परवाला बिऱ्हाड पाठीवर घेत नाही, तो बिऱ्हाडातच बसून जातो. (त्या रस्त्यावर कॅरव्हॅन घेऊन हिंडणाऱ्या निवृत्त दांपत्यांना ‘वानप्रस्थी’ म्हणण्याचा मोह होतो, शीतकपाटासह वानप्रस्थ शास्त्रात बसत असेल तर अवश्य म्हणावे.)

दुसरी गोष्ट ‘पाणी दिले’ याविषयी. दाराशी आलेल्याला आपण ‘पाणी विचारतो’, आणि त्या विचारण्यात थांबण्याचे, बसण्याचे, चौकशीचे आमंत्रण असते. जेथे दोन रोडहाऊसमध्ये पिण्याचे पाणी मिळण्याची खात्री नाही, तेथे तुम्ही गाडी बाजूला घेऊन बाटली पुढे केलीत, तेव्हा आधी पाणी विचारले होते आणि मग दिले होते. ‘दिले’ एवढेच लिहिल्यास ते मदतवाटपासारखे वाटते.

मूळ विचारणाकर्ता :

आभारी आहे. वाक्य आता असे झाले : ‘कायगुनाच्या अलीकडे सायकलीवर बिऱ्हाड लादून निघालेल्या एका वाटसरूशी गाठ पडली, आम्ही पाणी विचारले आणि त्याने खुर्जीतून रिकाम्या बाटल्या काढल्या.’ ‘खुर्जी’ला मात्र तळटीप द्यावी लागेल, कारण पुण्याच्या भाचीने तो ‘खुर्ची’चा मुद्रणदोष ठरवला आहे.