मासळीच्या पिकअपची चेसिस गंजली आहे, काय करावं?

प्रश्न: गाडी २०११ ची बोलेरो पिकअप, रत्नागिरी-कोल्हापूर मासळीची वाहतूक. हौद्यातलं बर्फाचं खारं पाणी चेसिसवर ठिबकतं. मागच्या पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) हँगरजवळ, म्हणजे त्या चेसिसला टांगतात तिथे, गंजाचे पापुद्रे सुटताहेत. ड्रायव्हर म्हणतो जळकं ऑइल मारा, गॅरेजवाला म्हणतो काळं अंडरबॉडी कोटिंग करून घ्या. आरटीओचं पासिंग चार महिन्यांवर आलंय. कोणाचं ऐकावं?

उत्तर १: आत्ता दोन्ही नको. पापुद्र्यांवर काळं कोटिंग मारलं की ओल आणि मीठ आतच कोंडतं. वरून गाडी नवी दिसते आणि आतून पत्रा खात राहतो. जळकं ऑइल धुऊन जातं, शिवाय ब्रेकच्या होजचं आणि बुशांचं रबर फुगवतं.

आधी हातोडीने ठोकून पाहा. खणखणीत वाजलं तर पत्रा शाबूत, भद्द वाजलं तिथे जाड स्क्रूड्रायव्हर दाबा. घुसला तर रंगाचं काम बाजूला ठेवा, आधी वेल्डिंग. हँगरच्या रिव्हेटांभोवती, क्रॉस मेंबरच्या (चेसिसच्या दोन लांब बाजू जोडणाऱ्या आडव्या दांड्यांच्या) जोडाशी आणि जिथे पत्र्यावर पत्रा आहे तिथे नीट बघा. दोन पत्र्यांमधला गंज फुगून त्यांना एकमेकांपासून फाकवतो. चेसिसला चिकटून जाणारे ब्रेकचे लोखंडी पाइपही तपासा.

उत्तर २: यात मिठाचा मुद्दा सगळ्यांत मोठा आहे. गोड्या पाण्याने प्रेशर वॉश, आणि फक्त बाहेरून नाही: चेसिसच्या भोकांतून नळी घालून आतून, खालून स्वच्छ पाणी येईपर्यंत. चिखलाने बुजलेली निचऱ्याची भोकं तारेने मोकळी करा.

वाळल्यावर ग्राइंडरला वायर कप लावून धातू उघडा करा, गॉगल आणि मास्क लावूनच. मग पुन्हा धुवा, सुकवा, रात्रभर ठेवा. सकाळी खळग्यांत नारिंगी ठिपके उठले तर मीठ अजून आहे, परत धुवा. पावसाळ्यात दमट हवेनेच गंज चढतो आणि ही परीक्षा फसते, म्हणून काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत घ्या.

खळग्यांत उरलेल्या गंजावर फॉस्फोरिक ॲसिडचं रस्ट कन्व्हर्टर (गंज निष्क्रिय करणारं द्रावण) लावा. डब्यावर धुवायला सांगितलं असेल तर धुवाच, नाहीतर वरचा रंग सुटतो. मग दोन घटकांचा इपॉक्सी प्रायमर, दोन हात. नुसतं रेड ऑक्साइड (नेहमीचा लाल प्रायमर) खाऱ्या पाण्यापुढे टिकत नाही. पेटीसारख्या बंद भागांत रंग पोचत नाही, तिथे लांब नळीने कॅव्हिटी वॅक्स (पोकळ भागांसाठीचं गंजरोधक मेण) फवारा.

चेसिस नंबरवर ग्राइंडर अजिबात फिरवू नका. खोदलेला आकडा पुसट झाला तर पासिंगला अडकाल. तिथे हाताने घासा आणि ग्रीस लावा.

उत्तर ३: वेल्डिंगची वेळ आली तर बॅटरीची दोन्ही टोकं काढा, ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) असेल तर त्याचा कनेक्टर सोडवा, डिझेल टाकी उतरवा. खाल्लेला भाग चांगला पत्रा लागेपर्यंत कापून काढा. गंजावर पट्टी ठोकून काही होत नाही. पट्टी चेसिसच्याच जाडीची, टोकं तिरकी कापलेली. सरळ उभा वेल्ड मारला तर त्याच रेषेत चेसिस तडकते. वरच्या-खालच्या फ्लँजच्या (चेसिसच्या आडव्या दुमडलेल्या पट्टीच्या) कडेवर वेल्ड नको, तिथे ताण सगळ्यांत जास्त.

प्रश्नकर्ता: समजलं. पण बर्फाचं पाणी तर रोजच पडणार ना?

उत्तर २: हौद्यात क्रेटखाली कडा वळवलेला एफआरपीचा (फायबरचा) ट्रे बसवा, मागच्या कोपऱ्याकडे थोडा उतार देऊन. तिथून नळी खाली एका बंद कॅनमध्ये सोडा, म्हणजे रस्त्यावरही सांडणार नाही. दर खेपेनंतर चेसिसवर गोडं पाणी मारा.