बोरची वर्तुळं शाळेतून काढावीत का?

कक्षेबाहेर (धागाकर्ता): आठवीतल्या भाचीची वही काल चाळली. नील्स बोर या शास्त्रज्ञाच्या पद्धतीने काढलेला सोडियमचा अणू: मधे केंद्रक, भोवती कंपासने काढलेली तीन वर्तुळं, त्यांवर इलेक्ट्रॉनची टिंबं: २, ८, १. तिने विचारलं, "मामा, हे बाहेरचं टिंब आत्ता नेमकं कुठे असतं?" प्रश्न रास्त आहे, चित्रच खोटं आहे. हायड्रोजनमध्ये ऊर्जेच्या सर्वांत खालच्या पातळीत इलेक्ट्रॉनचा कक्षीय कोनीय संवेग (केंद्रकाभोवती फिरण्याचं माप) शून्य असतो. बोरच्या हिशोबात तो शून्य असूच शकत नाही! पुढे 'कक्षा' (ठरलेली वाट) आणि 'कक्षक' (इलेक्ट्रॉन सापडण्याची शक्यता असलेला भाग) हे शब्द शेजारी शेजारी येतात आणि मुलं दोन्ही एकच समजतात. आधी गिरवून घ्यायचं आणि मग पुसायला लावायचं, हा मुलांवर अन्याय आहे. वर्तुळं बंद करा.

खडू-फळा: साफ असहमत. बारावीला शिकवते म्हणून सांगते. बामर हे बाझेलचे शाळामास्तर. १८८५ साली त्यांनी हायड्रोजनच्या प्रकाशातल्या चार रंगीत रेषांच्या तरंगलांबीवरून सूत्र बसवलं, पण ते का जुळतं हे कुणालाच सांगता येईना. ते १९१३ मध्ये बोरने सांगितलं. आणि हे गणित मुलांच्या हातात बसतं: तिसरी पातळी −१.५१, दुसरी −३.४० इलेक्ट्रॉन व्होल्ट (हे ऊर्जेचं एकक), फरक १.८९. १२४० ला (ऊर्जेवरून तरंगलांबी काढायचा स्थिरांक) १.८९ ने भागलं की ६५६ नॅनोमीटर. मग मी खोलीत अंधार करून हायड्रोजनची नळी लावते आणि प्रकाशाचे रंग वेगळे करणारी ग्रेटिंग हातात देते. नुकतंच वहीत ६५६ काढलेलं पोर ती तांबडी रेष बघून गप्पच होतं. वर्तुळांऐवजी पुंजभौतिकीतलं श्रोडिंजरचं समीकरण देऊन हे होणार आहे का?

कक्षेबाहेर: पण मॅडम, ६५६ आलं ते पातळ्यांमधल्या फरकातून. पातळ्या शिकवाच, माझं भांडण वर्तुळांशी आहे. हेलियममध्ये एकच इलेक्ट्रॉन वाढतो आणि सगळं कोसळतं. त्यातला पहिला इलेक्ट्रॉन काढायला २४.६ इलेक्ट्रॉन व्होल्ट लागतात, तो आकडा बोरच्या वर्तुळांतून निघत नाही.

एमएस्सी_दुसरं_वर्ष: धागाकर्त्याशी सहमत. डोक्यातली फिरती टिंबं घालवायला मला अख्खं सत्र लागलं.

खडू-फळा: हेलियमचं मान्य. ते मी वर्गात सांगते, लपवत नाही. पण वर्तुळं काढून टाकलीत तर पातळीच्या ऊर्जेचं १३.६ भागिले एन-वर्ग (एन म्हणजे पातळीचा क्रमांक) हे आकाशातून पडल्यासारखं येणार आणि मुलं ते घोकणार. घोकलेल्या सूत्रापेक्षा मला अर्धवट चित्र परवडतं, कारण मुलं त्याच्यावर प्रश्न विचारतात. तुमच्या भाचीने विचारलाच की!

कक्षेबाहेर: मग तिला उत्तर काय देऊ?

खडू-फळा: टिंबाची जागा आधीपासून ठरलेली नसते, असं सरळ सांगा. मग स्वयंपाकघरातला दिवा मालवून गॅसच्या ज्योतीत चिमूटभर मीठ टाका आणि जुन्या सीडीवर त्या ज्योतीचं प्रतिबिंब तिरकं धरून दाखवा. ५८९ नॅनोमीटरचा तो भडक पिवळा तिच्या वहीतल्या बाहेरच्या टिंबाचाच आहे.