साक्षीदाराच्या घरातल्या पोराला खोटं नाव देताना त्याला कुणी विचारतं का?

धागाकर्ती
दोन दिवस डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहितेय. रीटा आत्रिया. सिसिलीतल्या पार्तान्ना गावची मुलगी, जन्म १९७४. बाप माफियातला, १९८५ मध्ये त्याचा खून झाला, १९९१ मध्ये भावाचा. भावाची बायको पिएरा आयेल्लो हिने सरकारी वकिलांना सगळं सांगायला सुरुवात केली आणि तिच्या मागोमाग त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सतरा वर्षांची रीटाही गेली. कोण कुणाकडे यायचं, काय बोलायचं, घरात लहानपणापासून जे जे कानावर पडलं ते सगळं तिने सांगितलं. ऐकून घेणारा माणूस होता माफियाविरोधी सरकारी वकील पाओलो बोर्सेल्लिनो. मग तिला गावातून उचलून रोमला नेलं, खोटी ओळख दिली, लपवून ठेवलं. सख्ख्या आईने तिला टाकलं. १९ जुलै १९९२ ला बोर्सेल्लिनोंना पालेर्मोत बॉम्बने उडवलं आणि बरोब्बर एका आठवड्याने, २६ जुलैला, रीटाने स्वतःचं आयुष्य संपवलं. अठरा पूर्ण व्हायला सव्वा महिना राहिला होता.

म्हणजे बघा, माफियाला ती सापडलीच नाही. कागदोपत्री साक्षीदार संरक्षणाची योजना यशस्वी. माझं म्हणणं एवढंच आहे की वयात आलेल्या मुलीला नुसतं लपवणं म्हणजे संरक्षण नव्हे. तिला विचारलं पाहिजे, आणि तिचं खरं नाव माहीत असलेलं, केसशी संबंध नसलेलं एक तरी माणूस तिच्या वाट्याला कायमचं दिलं पाहिजे. तुम्हाला काय वाटतं?

कोर्टाची पायरी
मी फौजदारी वकिली करते, त्यामुळे जरा कडक लिहीन, राग मानू नका. रीटाची गोष्ट वाचून मलाही त्रास होतो, पण त्यावरून नियम काढू नका. पिएरा त्याच घरातली, तोच धोका, तीही दुसऱ्या नावाने राहिली, तीसुद्धा वर्षानुवर्षं, आणि २०१८ मध्ये चेहरा न दाखवता प्रचार करून इटलीच्या संसदेत निवडून आली. लपल्यामुळेच जिवंत राहिली ना? आधी जीव, बाकी सगळं नंतर.

आणि 'मुलाला विचारा' म्हणजे नेमकं काय? अमेरिकेचा कायदा बघा, तिथे ही योजना १९७० च्या कायद्याने आली, मार्शल्स (केंद्र सरकारचे पोलीस) चालवतात, आजवर साक्षीदार आणि त्यांचे कुटुंबीय मिळून १९,००० च्या वर माणसं त्यातून गेलीत. तिथे अठरा वर्षांच्या वरच्या प्रत्येकाशी सरकार वेगळा करार करतं, त्याखालच्यांशी नाही. कारण सरळ आहे, अल्पवयीन करार करूच शकत नाही. आईबाप त्याच्या वतीने ठरवतात, जसं ऑपरेशनचं ठरवतात. चौदा वर्षांच्या पोराने 'मला मित्र सोडायचे नाहीत' म्हटलं म्हणून बाकीच्या चौघांना गोळ्या खायला मागे ठेवणार का?

न्यूजर्सीकर
ऑपरेशनचं उदाहरण इथे बसत नाही हो ताई. ऑपरेशन ठरवणारा बाप पोराचं भलं बघत असतो असं आपण धरून चालतो, पण या अमेरिकन योजनेत येणारे बहुतेक साक्षीदार स्वतःच गुन्हेगार असतात, शिक्षा कमी व्हावी म्हणून साक्ष देतात. तो सौदा बापाचा आणि सरकारचा असतो, पोरगं त्यात सामानासारखं जातं.

हेन्री हिल घ्या. न्यूयॉर्कचा गुंड, १९८० मध्ये ड्रग्जच्या केसमध्ये पकडला गेला आणि साथीदारांविरुद्ध उभा राहिला. बायको आणि वयात येऊ घातलेली दोन मुलं घेऊन आधी ओमाहा, मग केंटकी, मग वॉशिंग्टन राज्यात रेडमंड. न्यूयॉर्कमध्ये वाढलेली पोरं, प्रत्येक ठिकाणी नवीन शाळा, नवीन थापा पाठ करायच्या. आणि बाप काय करत होता? दारू, ड्रग्ज, वर स्वतःच लोकांना मी कोण ते सांगत सुटायचा. शेवटी योजनेतून हाकललं त्याला. त्या दोन मुलांनी मोठेपणी, २००४ मध्ये, त्या बालपणावर स्वतः पुस्तक लिहिलं, कारण बापावर सिनेमा निघाला, बाप प्रसिद्ध झाला आणि यांचं कुणी विचारलंच नव्हतं. नियम पाळायची सगळी जबाबदारी पोरांवर आणि मोडायची मुभा बापाला, असं त्या घरात झालं. अशा बापाच्या सहीला मी पोराची संमती मानणार नाही.

मास्तर सातारकर
तिकडचं तुम्ही जाणता. मी इकडचं सांगतो, आपल्याकडे हे करायचं म्हटलं तर कसं होईल.

आपल्या नावात मधे बापाचं नाव असतं. मुलीचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. अमेरिकेत शेवटचं एक नाव बदललं की भागत असेल, इथे पोराला रोज हजेरीला खोट्या बापाच्या नावाने 'हजर' म्हणावं लागेल. आडनाव सांगितलं की समोरचा दुसरा प्रश्न विचारतो, गाव कुठलं? तिसरा, म्हणजे अमक्यांचे कोण तुम्ही? कुलदैवत, जत्रा, मामाचं गाव, पाच मिनिटांत माणूस सापडतो. मग शाळा सोडल्याचा दाखला, आधार, जातीचा दाखला, पुढे बारावीनंतर इंजिनिअरिंग-मेडिकलच्या राखीव जागेला व्हॅलिडिटी. त्यात आजोबांचे कागद लागतात. खोट्या मुलाने खरे आजोबा कुठून आणायचे?

आमच्याकडे एकदा नववीत अर्ध्या वर्षात एक मुलगा आला. घरच्यांनी खुनाच्या केसमध्ये साक्ष दिलेली म्हणून गाव सोडलेलं, हे मला नंतर कळलं. नाव बदललेलं नव्हतं, फक्त कुठून आलो ते सांगायचं नाही असं घरून बजावलेलं. सहामाहीला निबंध होता 'माझे गाव'. पोराने पान कोरं ठेवलं. मी दहापैकी शून्य दिला आणि वर्गात उभं करून विचारलं, लिहिता येत नाही का रे? तो काही बोलला नाही. दहावीच्या निरोपाला त्याच्या आईने येऊन सांगितलं. तेव्हापासून मी तो विषय कधी काढलेला नाही पेपरात. हे फक्त गाव लपवायचं होतं तेव्हाचं, अख्खं नाव लपवायचं असतं तर त्या पोराचं काय झालं असतं?

कोर्टाची पायरी
मास्तर, तुमचा मुद्दा अगदी मान्य आणि कायदा करणाऱ्यांना तो दिसलाय थोडाफार. महेंद्र चावला प्रकरणात सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०१८ मध्ये साक्षीदार संरक्षण योजना सगळ्या देशाला लागू केली, आसाराम केसमधल्या साक्षीदारांवरच्या हल्ल्यांमधून ती याचिका आली होती, चावला स्वतः गोळीबारातून वाचलेले. त्यात ओळख बदलण्याची तरतूद आहे, नाव, व्यवसाय आणि आईबापांची नावंसुद्धा, आणि स्पष्ट म्हटलंय की नव्या ओळखीमुळे जुने शिक्षणाचे, मालमत्तेचे हक्क जाता कामा नयेत. महाराष्ट्राचा स्वतःचा कायदा तर त्याआधीचा, २०१७ चा. आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम ३९८ नुसार प्रत्येक राज्याला योजना करावीच लागते.

पण खरं सांगू का, माझी भीती उलटी आहे. मुलांना लपवलं जातंय म्हणून नाही, लपवलंच जात नाहीये म्हणून मी घाबरते. साक्षीदार फुटतो तो स्वतःच्या जिवासाठी कमी आणि 'तुझी पोरगी कुठल्या क्लासला जाते माहितेय आम्हाला' या एका वाक्यासाठी जास्त. २००२ च्या गुजरात दंगलीतल्या बेस्ट बेकरी हत्याकांडाच्या केसमधली साक्षीदार झाहिरा शेख, एकोणीस-वीस वर्षांची पोरगी, कोर्टात जबाब फिरवला, मग फेरखटला गुजरातबाहेर मुंबईत घ्यावा लागला, तिथे परत फिरवला आणि शेवटी २००६ मध्ये सुप्रीम कोर्टाने तिलाच एक वर्षाची शिक्षा दिली. तिला कुणी वेळेवर दूर नेऊन नीट सांभाळलं असतं तर? म्हणून म्हणते, तुम्ही अडथळे वाढवू नका, 'आधी मुलाची संमती' घातलीत की पोलीस म्हणतील मुलगा तयार नाही, फाइल बंद.

लोकलची प्रवासी
मी पायरीताईंच्या बाजूने. उघडं राहण्याचीही किंमत असते, ती आपण डोळ्यांसमोर पाहिलीय की. देविका रोटावन. २६/११ ला सीएसएमटी स्टेशनवर पायाला गोळी लागली तेव्हा नऊ वर्षांची होती, दुसऱ्या वर्षी कुबडी घेऊन कोर्टात गेली आणि कसाबला ओळखलं. नाव, फोटो, सगळं पेपरात, टीव्हीवर. आपण टाळ्या वाजवल्या. तिकडे नातेवाईक लांब राहायला लागले, शाळेत अडचण, घर भाड्याने देताना लोक घाबरायचे की यांच्यामागे अतिरेकी आले तर, शाळेत मुली कसाबच्या नावाने चिडवायच्या, हे सगळं तिने स्वतः मुलाखतींमध्ये सांगितलंय. घरासाठी हायकोर्टात जावं लागलं. तिला नऊव्या वर्षी कुणी विचारलं होतं का की तुझं नाव जगाला सांगू का? म्हणजे विचारायचंच असेल तर उघड करतानाही विचारा!

धागाकर्ती
लोकलताई, तुम्ही माझ्याविरुद्ध लिहिलंय असं तुम्हाला वाटतंय पण मला ते माझ्याच बाजूचं वाटतं. नाव लपवणं आणि नाव मिरवणं, दोन्ही वेळा मुलीच्या डोक्यावरून ठरलं.

पायरीताई, मी मुलाला नकाराधिकार द्या म्हणत नाहीये. मुलगी नाही म्हणाली तर तिला मारेकऱ्यांसमोर ठेवा असं कोण म्हणेल? मी म्हणतेय ऐकून घ्या. घटस्फोटात ताबा देताना न्यायाधीश मुलाला चेंबरमध्ये बोलावून विचारतातच ना, निर्णय तरी त्यांचाच असतो. इथे ताब्यापेक्षा मोठी गोष्ट आहे, नाव जातंय, आजी जातेय. अमेरिकेने हे ठेच लागून शिकलंय. बफेलोत एक बाप होता, घटस्फोट झालेला, १९६७ मध्ये, म्हणजे योजनेचा कायदा यायच्या आधीच, त्याची मुलं आईच्या नव्या नवऱ्याबरोबर गायब झाली कारण तो नवरा साक्षीदार होता. बापाचा गुन्हा काहीच नाही. सरकार म्हणे सांगता येत नाही. आठ वर्षं शोधत होता तो. १९८४ मध्ये कायदा सुधारला तेव्हा त्यात आलं की कुणाला लपवण्याआधी मूल आणि मागे राहणारा पालक यांचं नातं तुटतंय का ते बघा. मागे राहिलेल्या बापाचा विचार केला, छान केलं. पण ज्याचं नाव बदलणार त्या मुलाचा आवाज त्यातही नाहीच.

आणि पिएराचं म्हणाल तर ती चोवीस वर्षांची होती, पदरात मुलगी होती, जगायला कारण होतं. रीटाला आई नको म्हणाली होती, आणि ज्या एका मोठ्या माणसावर तिने सगळा विश्वास टाकला होता तो तिच्याच केसमधला होता. तो गेला की सगळंच गेलं. आईने तर नंतर थडग्यावरचा तिचा फोटो हातोडा घेऊन फोडला. हे लिहिताना माझा हात थांबतोय.

न्यूजर्सीकर
+१. अमेरिकन कायद्यात मानसिक स्वास्थ्य आणि नव्या जागी रुळणं हे शब्द आहेत, सरकारने ते बघावं असं लिहिलंय. पण ते बघणारा माणूस त्याच यंत्रणेतला. सोळा वर्षांचं पोरगं त्याच्याकडे मन मोकळं करेल का, की यांना सांगितलं तर बाबांची केस बिघडेल म्हणून गप्प बसेल?

मास्तर सातारकर
गप्प बसेल. मी बघितलंय.

कोर्टाची पायरी
बरं, समुपदेशक वेगळा असावा, तपासाशी संबंध नसलेला, हे मला मान्य. आपल्या योजनेत तर आदेश एका वेळी जास्तीत जास्त तीन महिन्यांचा असतो, म्हणजे दर तीन महिन्यांनी जिल्ह्याची समिती, जिल्हा न्यायाधीश अध्यक्ष असतात तिचे, ती परत बघणारच आहे. त्या वेळी बारा वर्षांवरच्या मुलाशी न्यायाधीशांनी पाच मिनिटं एकट्याने बोलावं, यात फाइल अडत नाही. हे मी स्वतः मागेन माझ्या पुढच्या अर्जात.

पण 'खरं नाव माहीत असलेलं माणूस' म्हणजे तुम्ही आजी, मैत्रीण म्हणत असाल तर साफ नाही. आज एक फोटो, एक टॅग, मैत्रिणीच्या स्टोरीत मागे दिसलेली दुकानाची पाटी, संपलं. पोराच्या एकटेपणाची किंमत मला कळते, मला दोन मुली आहेत, तरीही आजीला फोन नाही. इथे मी हटणार नाही.

धागाकर्ती
नका हटू. कदाचित तुमचंच बरोबर असेल फोनच्या बाबतीत. पण मग ते 'नाही' कुणीतरी त्या मुलीसमोर बसून सांगा, का नाही, किती दिवस नाही, आणि आजीला काय कळवलंय ते. दारातल्या शिपायाकडून निरोप पाठवू नका.