खाडा पडल्यावर तुम्ही पुन्हा सुरुवात कशी केलीत?

बोरूवाली: सुरुवात सगळ्यांनाच जमते. 1 जानेवारीला आमच्या सोसायटीच्या जिममध्ये ट्रेडमिलला नंबर लावावा लागतो, संक्रांतीला तिथे टॉवेल वाळत असतात. मला विचारायचंय ते मधल्या खाड्याबद्दल. नेम मोडला, महिने गेले, आणि तरी तुम्ही परत आलात, ते कसे? उपदेश नको, घडलेलं लिहा.

आधी माझं. घरात पणजोबांचं मोडी लिपीतलं एक खतपत्र आहे. ते वाचायचं म्हणून मोडीचा वर्ग लावला. मोडीत आधी कागदभर आडवी रेघ ओढायची आणि मग अक्षरं तिला लटकवत जायची. ह्रस्व-दीर्घाचा भेद नाही, दोन शब्दांत जागा नाही. रोज एक पान गिरवायचे. गणपतीत बंद पडलं ते थेट आंबे येईपर्यंत. दर रविवारी ठरवायचे की राहिलेली सगळी पानं भरून काढू, आणि तो ढीग मनात आला की वही मिटायचे. शेवटी मागची पानं सोडून दिली आणि रोज नुसत्या रेघा ओढायला लागले. रेघ समोर असली की हात एखादं अक्षर लटकवतोच! खतपत्राच्या सात ओळी लागल्यात. आठवीत ‘वहिवाटदारास’ आहे की ‘वहिवाट दारास’, यावर आईशी वाद चालू आहे.

अभ्यासिका, दुसरा मजला: माझी राज्यसेवेची पूर्व परीक्षा थोडक्यात गेली. त्यानंतर अडीच महिने मी पुण्यात पेठेतल्या अभ्यासिकेत पैसे भरून मोबाईल बघत बसलो. घरचा फोन आला की “चाललाय अभ्यास.” 2025 पासून मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली आणि आमची सगळी वर्षं उत्तरपत्रिकेत गोळे काळे करण्यात गेलेली. पेन धरला की अर्ध्या पानात मनगट भरून यायचं. रूममेटने अट घातली: संध्याकाळच्या चहाआधी एक उत्तर हाताने लिहून दाखवायचं, नाहीतर दोघांच्या चहाचे पैसे माझे. पहिला आठवडाभर मीच चहा पाजला. मग पैसे वाचवायला म्हणून चार ओळी लिहिल्या, अगदी रद्दी. तो म्हणाला, “रद्दी चालेल, कोरं नाही चालणार.” आता सकाळी एक, संध्याकाळी एक होतं. वडिलांना ते अडीच महिने अजून सांगितलेले नाहीत.

चौसष्टावा दिवस: ध्यानाला बसलो की कॅलेंडरवर फुली. सलग 63 फुल्या झाल्या, मग ताप आला. साखळी तुटल्याचं इतकं लागलं की बसणंच सोडलं! आता फुल्या मोजत नाही. एक घर रिकामं राहिलं तर राहू दे, शेजारचं राहता कामा नये. घरात पाहुणे असले तर गच्चीवर पाच मिनिटं.

पेडर रोडचा चढ: मुंबई मॅरेथॉनमधली अर्धी, म्हणजे 21.097 किलोमीटर. दोनदा पूर्ण केलीय, तिसऱ्या वर्षी सरावात घोटा मुरगळला. बरा झाल्यावर पहिल्याच दिवशी जुन्या वेगाने पळायला गेले आणि पुन्हा तीन आठवडे घरी. (डॉक्टर काही बोलले नाहीत, नुसते हसले.) दुसऱ्यांदा घड्याळ घरी ठेवून निघाले. दोन मिनिटं पळायचं, एक मिनिट चालायचं, मिनिटं मनातल्या मनात मोजून. मला मागे टाकून जाणाऱ्या आजोबांचा राग यायचा. पण वेगाचा आकडाच नव्हता, त्यामुळे कालच्याशी तुलना करता येईना, आणि तेच पथ्यावर पडलं.

अपवाद: मी परत गेलेच नाही. जर्मन शिकत होते, दोन पातळ्या झाल्या, तिसरीला खाडा पडला. वर्षभर पुस्तक टेबलावर ठेवून स्वतःला दोष देत होते. एक दिवस लक्षात आलं की नवऱ्याची तिकडची बदली रद्द होऊन दीड वर्ष झालं. पुस्तकं भाचीला दिली. त्या वेळेत पोहायला जाते, पन्नाशीत शिकले. अजून खोल पाण्यात कडेचा पाइप सोडवत नाही.